दोन नळ एकदम

शिळं. कालचं, रात्रभर भांड्यात राहिलेलं. भाकरी शिळी होते तसं पाणीही शिळं होतं. सरकारी भाषेत यासाठी शब्द नाही.

*

पठारावरच्या पवनचक्कीचं पातं उतरवायला क्रेन आली, तेव्हा खालच्या गावातून बघायला दोनच माणसं वर गेली. क्रेनवाल्याने विचारलं, बाकीचं गाव कुठे आहे? दोघांतल्या म्हाताऱ्याने सांगितलं, पाणी भरतंय.

*

जत्रेत सोंगं असायची. बयाजी शेलार ना मिशा लावायचा ना लुगडं नेसायचा. नुसता मांडवात चार पावलं चालायचा आणि लोक ओरडायचे, सपकाळांचा गणपा! मग खांदा जरा पाडायचा. न्हाव्याची आक्का! आपल्याच चालीला हसून हसून गणपा सपकाळाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

*

मनगट मोडून वाकडं बसलेली बाई नळ डाव्या हाताने सोडते.

*

"सलग तीन वर्षं पाण्याचा दाब एकदाही न घसरलेली जिल्ह्यातील एकमेव योजना."

*

हे शेवटचं वाक्य मनाली शेलारच्या टेबलावर होतं. गावाचं नाव घोडदरा, पाटणच्या वर, पठाराच्या कुशीत. मनालीचं गाव. साताऱ्याच्या पाणी देखरेख कक्षात तिला नोकरी लागून पाच वर्षं होत आली होती. डोंगरातल्या गावांच्या नळयोजना चालतात की नाही, हे गावात न जाता बघायचं, हे तिचं काम. घोडदऱ्याला उत्तम योजनेचा मान द्यायचं चाललं होतं. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं आणि आपल्या गावाचा तिला अभिमान वाटला. नंतर पुष्कळ दिवस तिला आठवत राहिलं ते हेच, की आपल्याला अभिमान वाटला होता.

*

पूर्वी नळ कागदावर चालायचे. मग मीटर आले, तर पाइपातल्या हवेने मीटर फिरायला लागले. मग कुणीतरी बंद घरांच्या नळांना टायमर बसवले. माणूस नाही, कुत्रं नाही, आणि अंगणात ठरल्या वेळी पाणी वाहतंय. शेवटी सरकारने पाइपालाच कान लावला.

कान म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. नव्या पाइपाच्या अंगातच तो गुंफलेला येतो. टाकीजवळची पेटी त्याच्यात प्रकाशाचे ठोके सोडते. धाग्याच्या वितीवितीवरून त्यातला कणभर प्रकाश मागे फिरतो. पाइप कुठे थरथरला तर तिथून परतणारा प्रकाश किंचित बदलतो. परतायला किती वेळ लागला यावरून जागा कळते, किती बदलला यावरून थरथर कळते.

गळती शोधायला हे केलं होतं. पण नळ सोडला की पाण्यालाही धक्का बसतो, आणि तो धक्का पाइपातून मागे धावतो. कुणी नळ हिसक्याने सोडतं, कुणी चाचपत, कुणी अर्ध्यावर थांबून मग पुरता. चालीवरून माणूस ओळखावा तसं यंत्र हात ओळखायला शिकलं. हात म्हातारे होतात, दुखतात, भाजतात, म्हणून यंत्राला थोडं समजूतदार ठेवलं होतं. रोज थोडा थोडा फरक पडत गेला तर ते तो पोटात घालायचं.

मग नियम सोपा झाला. पाण्याच्या दिवशी वीस घरांत माणसाच्या हाताने नळ सुटला तर योजना जिवंत. एक हंगाम वीसच्या खाली गेली तर मृत. मृत योजनेचा पंप उतरवून गरज असलेल्या गावाला द्यायचा आणि उरलेल्या माणसांना खाली, रस्त्यालगतच्या वसाहतीत घर द्यायचं. नियम दुष्ट नव्हता. पंप थोडे होते आणि गावं पुष्कळ.

*

यंत्राला शिळं हा शब्द मनालीने शिकवला. पाणी आलं की घरोघरी आधी थोडं वाहतं, थांबतं, मग भरपूर वाहतं. हैदराबादहून आलेल्या इंजिनिअरांनी त्याच्यापुढे 'नासाडी' असं लिहिलं होतं. मनालीने सांगितलं, नासाडी नव्हे. बाया कालचं शिळं झाडाला ओततात, भांडं विसळतात, मग ताजं भरतात. जिथे शिळं ओतलं जातं तिथे माणूस राहतं. कक्षाच्या प्रमुख मोमीन मॅडम मोठ्याने हसल्या होत्या, आणि पडद्यावर एक नवा रकाना आला होता: शिळं.

*

मनालीची आई हौसाबाई साताऱ्याच्या दवाखान्यात वारली. उपचारासाठी मनालीनेच तिला हट्टाने खाली आणलं होतं. तेरावा झाल्यावर वडील बयाजी, म्हणजे तात्या, एकटेच वर गेले. माझ्याकडे राहा म्हटल्यावर ते म्हणाले, पाण्याचा वार आहे.

पुढच्या पावसाळ्यात घोडदऱ्याचा पडदा बघताना शेलारांच्या घरापुढे तिला दोन हात दिसले.

बयाजी शेलार. उजवा.

हौसा शेलार. डावा.

आईचा नळ तीन हिसक्यांत सुटायचा. एक लहान, एक लहान, मग मोठा. पडद्यावर तीन लाटा होत्या. लहान, लहान, मोठी.

यंत्राची जुनी आठवण पुसली गेली नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. 'दुरुस्तीस पात्र' अशी खूण करायची होती. तिने केली नाही. मग दर पाण्याच्या दिवशी सकाळी ती इतरांच्या आधी येऊन बसायला लागली. चहा गार व्हायचा. लहान, लहान, मोठी.

घरी फोन करणं हळूहळू कमी झालं. फोनवर तात्या दोन शब्द बोलायचे, नळ जास्त बोलायचा. तात्यांचा उजवा हात वेळेवर सुटला की तिला वाटायचं, बरे आहेत. बघितलं, झालं.

*

वैशाख. सपकाळ, गणपत. नळ सलग चालू. वर्ग: लग्नघर.

हेही यंत्राला इथल्याच माणसांनी शिकवलं होतं. सकाळभर नळ बंद होत नाही ते लग्नघर. मनालीने हसून फोन लावला. सपकाळांकडे कुणाचं लग्न, म्हणून विचारलं. तात्या म्हणाले, धाकट्याचं. आवाज थकलेला होता. वरातीत नाचलात वाटतं, असं तिने चिडवलं. तेही हसले.

*

मान देण्याआधी एका अधिकाऱ्याने गाव डोळ्यांनी बघायचं असा दंडक होता. मोमीन मॅडमनी मनालीला बोलावलं, पडदा तिच्याकडे वळवला आणि विचारलं, तुझ्या गावात भांडणं होत नाहीत का गं?

मनालीला कळलं नाही.

मॅडम कराडच्या. त्या सांगायला लागल्या, आमच्या गल्लीत पाणी आलं की सगळे नळ एकदम सुटायचे, दाब पडायचा, टोकाच्या घरात थेंब यायचा नाही आणि टोकाच्या घरातली बाई सगळ्या गल्लीचा उद्धार करायची. असं प्रत्येक गावात होतं. घोडदऱ्यात एक नळ बंद होतो. थोडा वेळ जातो. मग दुसरा सुटतो. गेल्या तीन वर्षांत दोन नळ एकदम असे कधी चाललेच नाहीत.

"माणसं समजूतदार आहेत, मॅडम."

"इतकी समजूतदार माणसं मी फक्त कबरस्तानात बघितलीत." मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. तू जा. आणि जे असेल तेच लिही."

*

गाडी पवनचक्कीच्या रस्त्यावर सोडून ती पायवाटेने वळसा घालत गावाच्या खालच्या अंगाला उतरली. पहिलं घर चव्हाणांचं, दाराला काटेरी फांदी लावलेली. मग सुतारांचं. छपरातून उंबराचं रोप वर आलेलं. प्रत्येक अंगणात नळ मात्र चकचकीत होता, आणि प्रत्येक नळाखाली ओल.

ताराकाकी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आलीस व्हय गं मने. बस. तुझा बा गाव भराय गेलाय."

पाणी भरायला म्हणायचं असेल, असं मनालीला वाटलं. काकींनी शब्द बदलला नाही. त्या सांगत गेल्या, ती ऐकत गेली. चव्हाण गेले. मग सुतार, मग न्हाव्याची आक्का लेकाकडे. एकेक घर गेलं तसा तात्यांनी त्या घराचा नळ हातात घेतला. आधी एकच, मग चार. आता काकींचं सोडून सगळे; काकी आपला नळ त्यांचा फेरा संपल्यावर सोडायच्या. पंप गेला तर गाव गेलं, म्हणायचे. पाणी वाया घालवत नाहीत हो, असंही काकींनी ठासून सांगितलं. झाडांना घालतात, मोकळ्या जनावरांच्या डोणीत ओततात.

मनालीने विचारलं, मग वैशाखात सपकाळांच्या धाकट्याचं लग्न?

"कसलं लगीन? सपकाळ जाऊन लई दिस झालं." काकींचे हात थांबले. "त्या दिशी तुझा बा पडला न्हवं का त्यांच्या दारात. शेवाळावरनं पाय गेला. मला वाटलं फेरा लांबला आसंल. ऊन वर आल्यावर बघाय गेले, तर नळ चालूच, आन ह्यो त्या पाण्यात आडवा. वलाचिंब. उठता यीना."

"मला का नाही कळवलं?"

"तुझाच फोन आला की. त्याला बाजंवर घातला हुता, म्याच कानाला लावला. लगीन हाय म्हनला आन हसला. म्या म्हनलं, लेकीला खरं सांग. तर म्हनतो कसा, ती तिथनं बगती समदं. तिला दिसलंच आसंल."

*

(लग्नघर.)

*

तात्या तिला पहिल्यांदा दिसले ते गणपा सपकाळाच्या अंगणात. छाती पुढे काढून, पाय फेकत ते नळापाशी गेले, एका झटक्यात तोटी फिरवली, थोडं शिळं डाळिंबाला घातलं, मग घागर भरली. नळ बंद करून क्षणभर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. गणपाच उभा होता. मग खांदा पडला, पावलं आखूड झाली, आणि न्हाव्याची आक्का पुढच्या अंगणाकडे चालू लागली.

बघायला कुणी नव्हतं. कुणी नाव ओळखून ओरडत नव्हतं.

मनाली लांबून मागे गेली. शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. अंगणात आल्यावर तात्यांनी डोक्याचं मुंडासं काढून खुंटीला लावलं. उजवा हात पोटाशी धरला, मनगट आत वळवून. थोडं वाकले. डावा हात तोटीवर ठेवला आणि थांबले. सोडण्याआधी आई असंच थांबायची. का थांबायची, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

लहान. लहान. मोठा.

घागर भरून ओसंडायला लागली तेव्हा त्यांना भिंतीशी उभी असलेली मुलगी दिसली. त्यांनी घाईने हात सरळ केला. मग त्यांनी विचारलं, आणि ते विचारताना एरवी कुणालाही न बुजणारा तो माणूस खाली बघत होता.

"तिचा हात लागतो का गं तुमच्या मशिनीत?"

"लागतो, तात्या."

"तिचाच?"

"तिचाच."

ते पायरीवर बसले. पहिले पुष्कळ दिवस जमत नव्हतं, म्हणाले. हात आपलाच पडायचा. मग एका दिवशी तोटी फिरवली आणि त्यांना स्वतःलाच वाटलं, ती आली.

संध्याकाळी जेवताना मनालीने सपकाळांच्या दाराचं नाव काढलं. तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून ठेवला. लग्नाची थाप चांगली होती की नाही, एवढंच म्हणाले. ती रडायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे तांब्या सरकवला. नळ आहे तोवर घर आहे, उद्या कुणाच्या मनात आलं तर परत यायला जागा पाहिजे, हे ते शांतपणे सांगत होते. न येणाऱ्या माणसांची नावं घेऊन सांगत होते.

"तू काय लिवनार?" शेवटी त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं, ठाऊक नाही. ते खरं होतं.

*

पुढच्या पाण्याच्या दिवशीही ती तिथेच होती. तात्या सपकाळांच्या अंगणात गेले. मनाली चव्हाणांच्या दारातली काटेरी फांदी बाजूला करून आत शिरली. चव्हाणांचा नळ उतारावर सगळ्यांत खाली. तिने तोटी पूर्ण सोडली.

तिकडे सपकाळांची धार बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली, आणि तुटली.

काही वेळ नुसती पवनचक्क्यांची घरघर. मग वरून आवाज आला, कित्येक वर्षांत तिने न ऐकलेला, भरदार आणि खवट.

"कोन हाय गं तिकडं? बंद कर की! हितं थेंब पडंना!"

मनालीला वाटलं आपण हसू. तोंडातून आलं ते वेगळंच. आई जे म्हणायची तेच. "माझी घागर भरंपतूर बंद करनार न्हाय! काय करायचं ते कर!"

"तुझ्या बाची टाकी हाय का?"

"हाय! माझाच बा पानी समितीचा अध्यक्ष हाय!"

मग ताराकाकींनी आपला नळ सोडला आणि पडवीतून दोघांच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. त्यांना ती फारच दिवसांची भूक होती. तात्या वरून गणपाच्या आवाजात उत्तर देत होते, मग आक्काच्या, मग चव्हाणणीच्या. तीन माणसांचं गाव पाण्यावरून भांडत होतं. कोरडा ओढा, पडकी शाळा, सगळीकडे ते भांडण घुमत होतं.

हळूहळू वरचा आवाज नावंच घ्यायला लागला. भांडण सुटलं, नुसती नावं राहिली. प्रत्येक नावानंतर तो थोडा थांबायचा.

हौसाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मनालीने नळ बंद केला.

*

साताऱ्याच्या पडद्यावर त्या दिवशी घोडदऱ्याचा दाब तीन वर्षांत पहिल्यांदाच घसरलेला दिसला. मान दुसऱ्या गावाला गेला.

*

ती लिहू शकली असती. एक ओळ पुरली असती: पाहणी केली, योजना सुरळीत. हात आहेत, शिळं आहे, आता तर भांडणही आहे. मोमीन मॅडमनी सही केली असती, न विचारता. आणि पाण्याच्या दिवशी सकाळी लवकर येऊन ती

लहान, लहान

ती उठून खिडकीशी गेली. पाण्यात आडवा पडलेला माणूस आणि टेबलाशी हसत बसलेली मुलगी, या दोघांच्या मधे तो काचेचा धागा होता. त्याने काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं. नळ चालू होता. हात माणसाचा होता.

तिने लिहिलं: राहती घरं दोन. मग शेलारांच्या ओळीवर गेली आणि आईच्या नावापुढे 'मयत' असं स्वतःच्या हाताने भरलं. यंत्राने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. यंत्राने हात पुसला.

*

पंप उतरवायला माणसं आली तेव्हा तात्यांनी त्यांना चहा दिला, दोर बांधायला मदत केली. ताराकाकी पुतण्याबरोबर पनवेलला गेल्या. वसाहतीतलं घर तात्यांनी नको म्हटलं. मनालीच्या गाडीत ते मागे बसले. गाडीने खिंड ओलांडली. मग बाहेर बघत, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाले,

"दवाखान्यात नेलीस तवा ती परत आली न्हाय. आता नळावरनं बी नेलीस."

मनाली गाडी चालवत राहिली. पुढे गाव लागलं, बाजाराचा दिवस होता, तिला हळू जावं लागलं.

*

साताऱ्याच्या फ्लॅटमधे पाणी दिवसभर असतं. भरून ठेवावं लागत नाही, म्हणून शिळं होत नाही. नळाला तोटी नाही. खाली हात धरला की धार येते, काढला की थांबते.

पहिल्या सकाळी तात्या बराच वेळ तोटी शोधत होते. मनालीने करून दाखवलं. त्यांनी उजवा हात धरला. पाणी आलं. तो काढून डावा धरला. मनगट जरा वळवलं, थोडं वाकले, थांबले. पाणी थांबलं नाही, लगेच आलं.

"ह्यो समद्या हातांना सारकंच देतो की," ते म्हणाले, आणि हात पुसून गॅलरीत जाऊन बसले.

कक्षात ती आता इतरांबरोबरच जाते. पडद्यावरच्या घोडदऱ्याच्या जागेवर दुसरं गाव आलंय. तिथे रोज दाब पडतो.

*

घोडदऱ्यात नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी सगळ्या गावाने एकदम नळ सोडले, आणि शेलारांच्या घरापर्यंत पाणी पोचलंच नाही.